आरोग्य केंद्रातले चिमटे मोजायचे कुणी?

सुगी संपली की विळे-खुरपी मोजल्याशिवाय शेतकरी खळ्यावरून हलत नाही. पण आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शस्त्रक्रियेचे किती संच चालू स्थितीत आहेत, असं विचारलं तर किती सरपंचांना सांगता येईल? इमारत, रंगरंगोटी, रुग्णवाहिका यांवर सभा गाजतात. कपाटातल्या हत्यारांचा विषय निघतच नाही.

वास्तविक हिशेब साधा आहे. वापरलेली हत्यारं धुवायची, कोरडी करायची, कापडात गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये घालायची. १५ पौंड दाब, १२१ अंश उष्णता आणि तिथून पुढे ३० मिनिटं. तापायला, दाब उतरायला, वाळायला वेळ निराळा. संच पुन्हा हाताशी यायला तास-दीड तास सहज जातो, तोही वीज असली तर! कुटुंबनियोजनाच्या दिवशी वीस बाया आल्या आणि संच तीनच असले, तर बायांनी रात्रीपर्यंत उपाशी बसायचं, नाहीतर शुद्धीकरणाला चाट द्यायची. चाटच बसेल ही भीती जास्त.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया उरकल्या. ते शिबिर आणि आसपासची शिबिरं मिळून १३ जणी दगावल्या. दोष औषधाचा की जंतुसंसर्गाचा, यावर बराच वाद झाला. पण केंद्राचा नियम तेव्हाही होता : एका पथकाने दिवसाला ३० च्या वर जायचं नाही, आणि तेवढ्यांसाठीही तीन दुर्बिणी हव्यात. हत्यारांच्या संख्येवरच बायांची संख्या ठरते, ती अशी.

यात परिचारिकेला धारेवर धरून उपयोग नाही. डेडस्टॉक रजिस्टरात वीस चिमटे दिसतात. त्यांतल्या किती चिमट्यांची पकड शाबूत आहे, ते रजिस्टर सांगत नाही. निर्लेखनाची कटकट नको म्हणून मोडकं कपाटातच राहतं, आणि कागदावर संख्या पुरेशी म्हणून नवी मागणी अडते. हा सगळा कारभार उलटा आहे.

रुग्ण कल्याण समितीत गावचे लोक आहेत, समितीला निधीही मिळतो. पुढच्या सभेत तीन आकडे मागा : रजिस्टरवरचे संच, चालू संच आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी लागणारे संच. कपाट उघडून समक्ष मोजा. मोडक्याच्या निर्लेखनाचा ठराव त्याच सभेत लिहून घ्या, आणि ऑटोक्लेव्हचं रबर शेवटचं कधी बदललं तेही विचारा.