स्क्रीनवर तळं, नजर पाण्यावर

उन्हाळ्यात मिनेसोटाला लेकीकडे किंवा भावाकडे जाणार असाल, तर एखाद्या शनिवारी तुम्हाला बोटीत बसवलं जाणार हे धरूनच चाला. दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी असलेलं हे राज्य! बोटीत स्टिअरिंगशेजारी छोट्या टीव्हीसारखा एक स्क्रीन असतो, तो फिशफाइंडर. त्याच्या एका अर्ध्या भागात सोनार दिसतो आणि दुसऱ्यात तळ्याचा रंगीत नकाशा. चालत्या बोटीत या दोघांतला फरक कळणं फार गरजेचं आहे.

सोनार खालचं सांगतो

बोटीच्या मागच्या बाजूला पाण्यात ट्रान्सड्यूसर बसवलेला असतो. तो आवाजाच्या लहरी खाली सोडतो. त्या तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली निघते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, त्यामुळे उत्तर लगेच मिळतं. पण ते असतं बोटीखालच्या पाण्याचं. स्क्रीनच्या उजव्या कडेला दिसतं ते आत्ताचं, डावीकडे सरकतं ते मागे टाकलेलं. समोरचा खडक साध्या सोनारला दिसत नाही. दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल.

नकाशा पुढचं सांगतो

लेकमास्टर, नाव्हिऑनिक्स यांसारखे नकाशे जीपीएसच्या मदतीने तुमची बोट नेमकी कुठे आहे ते दाखवतात. त्यावरच्या रेषा सारख्या खोलीच्या जागा जोडतात. रेषा दाटीवाटीने असतील तर तळ झपकन उतरतो, लांब लांब असतील तर तळ सपाट. वॉलाय मासा अनेकदा अशा उताराच्या कडेलाच सापडतो. मिल लॅक्स हे मोठं तळं जास्तीत जास्त ४२ फूटच खोल आहे आणि त्यात खडकाळ उंचवटे जागोजागी आहेत. मासे तिथे मिळतात, आणि प्रोपेलरही तिथेच मोडतो.

निघण्याआधी हे करा

• नकाशा बोटीच्या दिशेने फिरेल असं सेटिंग ठेवा. म्हणजे स्क्रीनवर उजवीकडे असलेला खडक खरोखरच उजवीकडे असेल.

• उथळ भाग लाल दिसेल अशी सोय असेल तर वापरा. बोटीला दोन फूट पाणी लागत असेल, तर लाल रंग पाच फुटांपासून सुरू करा.

• पाण्याची पातळी जुळवा. पाऊस कमी झाला आणि तळं दोन फूट उतरलं, तर नकाशावरचे सहा फूट प्रत्यक्षात चारच उरतात. सपाट, खोल जागी थांबून नकाशा आणि सोनार यांचे आकडे ताडून पाहा. सोनार खोली ट्रान्सड्यूसरपासून मोजतोय की पाण्याच्या पृष्ठभागापासून, तेही बघा.

• वेगात असताना नकाशा जरा लहान करा, म्हणजे पुढचं जास्त पाणी दिसेल.

नकाशाला सगळंच कळत नाही

सर्व्हे करणारी बोट ज्या ओळींनी गेली, त्यांच्यामधला एखादा खडक सुटलेला असू शकतो. जीपीएसही काही मीटर इकडेतिकडे होतो. आणि पोहणारं पोर किंवा ठेंगणी कयाक नकाशावर नसतेच.

आता हिशोब करा. ताशी ४८ किलोमीटर वेगाने बोट सेकंदाला सुमारे १३ मीटर जाते. फक्त तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं, तर चाळीस मीटर पाणी न बघता मागे पडलं! म्हणून सेटिंग बदलायचं असेल तर आधी वेग कमी करा. खोली पटापट कमी होत असेल, तर नकाशा काहीही म्हणो, थांबा. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालावं. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असावी. तो पाण्यात पडला तर इंजिन लगेच बंद होतं.

सर्वात सोपा उपाय मात्र फुकट आहे: एकाने चालवावं, दुसऱ्याने नकाशा वाचावा. तुम्ही पाहुणे असाल, तर हे दुसरं काम हक्काने मागून घ्या. “पुढे उजवीकडे उथळ आहे, हळू घे,” एवढं तुम्ही वेळेवर सांगितलंत, तरी भाच्याची नजर पाण्यावरून हलणार नाही. आणि संध्याकाळी सगळे हसत घरी येतील, मासा मिळो न मिळो.