ब्रेक घरी बदलावेत का?

'पास्कलचा नियम सांगा व त्याचा एक उपयोग लिहा' असा प्रश्न आला की आपले विद्यार्थी 'हायड्रॉलिक ब्रेक' एवढे दोन शब्द लिहून मोकळे होतात. उघडलेला ब्रेक मात्र त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. म्हणूनच, मोटारीच्या मागच्या डिस्क ब्रेकचे पॅड घरी बदलावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर 'होय' असे आहे. अट एकच : प्रत्येक कृतीमागचे कारण सांगता आले पाहिजे.

ब्रेकचे काम केवढे असते ते पाहा. १,००० किलोग्रॅमची मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा २ लक्ष ज्यूल भरते. एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ४८ अंश सेल्सियसने वाढवील एवढी ही ऊर्जा! जोराने ब्रेक लावला की तिचा बहुतेक भाग पॅड आणि तबकड्या यांच्या घर्षणाने उष्णतेत बदलतो. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते.

आता कारणे पाहू. गाडी मागून उचलताना हॅन्डब्रेक ओढून भागेल का? बहुतेक मोटारींत तो मागच्याच चाकांवर चालतो, आणि ती चाके तर अधांतरी! म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे. जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडी टेकवायची ती भक्कम स्टँडवर.

नवे पॅड जाड असल्याने दट्ट्या आत सारावा लागतो. पुढच्या ब्रेकचा दट्ट्या सहसा नुसता दाबून आत जातो. मागच्या ब्रेकमध्ये पुष्कळदा हॅन्डब्रेकची यंत्रणा असते; तेथे तो फिरवत न्यावा लागतो. जोराने दाबल्यास ती यंत्रणा बिघडते. हॅन्डब्रेक विजेवर चालणारा असेल, तर त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या रीतीनेच काम करावे.

पॅड बसवल्यावरही एक काम उरते. दट्ट्या मागे गेल्यामुळे फट पडलेली असते. पेडल पहिल्यांदा दाबले की ब्रेक ऑइल ती फट भरून काढण्यातच खर्ची पडते, आणि ब्रेक लागत नाही! म्हणून गाडी हलवण्यापूर्वी पेडल पायाला घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे.

'हे मेकॅनिकचे काम, मुलांचे नव्हे,' असे काही पालक म्हणतील. त्यांची काळजी रास्त आहे. उत्तरपत्रिकेतील चुकीने दोन गुण जातात, येथील चुकीने रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून पान्हा जाणत्या मोठ्या माणसाच्या हातात असावा, मुलांनी शेजारी उभे राहून 'असे का?' विचारावे, आणि शेवटची तपासणी मेकॅनिककडून करून घ्यावी.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. जवळच्या गॅरेजमधून टाकाऊ कॅलिपर मागून आणा आणि तो प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवा. पास्कलचा धडा त्यावरूनच सुरू करा.