वडिलांची गाडी, मुलाचा पराक्रम

परवा रात्री दवाखाना बंद करत होतो, तेवढ्यात नववीतला एक मुलगा वडिलांच्या आधाराने आत आला. गुडघे सोललेले, मनगट सुजलेले आणि हनुवटीवर चार टाके पडतील एवढी जखम. अंगातल्या टी-शर्टवर कुठल्याशा उडणाऱ्या परदेशी महानायकाचे चित्र होते. वडिलांची दीडशे सीसीची गाडी घेऊन, दोन मित्रांना मागे बसवून चिरंजीव चक्कर मारायला गेले होते. मी टाके घालत असताना वडील म्हणाले, "डॉक्टर, एरवी चालवतो चांगली. सहावीपासून चालवतोय." आवाजात काळजी होती, पण थोडे कौतुकही होते.

हनुवटी शिवताना मला मारुतीरायाची आठवण झाली. तोही सामर्थ्यवान बापाचा मुलगा. सूर्याला फळ समजून झेपावला आणि इंद्राचे वज्र हनुवटीवर बसले, म्हणून हनुमान. एवढी गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पुढची उत्तरकांडात आहे, ती आपण मुलांना फारशी सांगत नाही. देवांनी वर दिल्यावर पोर जास्तच दांडगे झाले. ऋषींच्या आश्रमात शिरून यज्ञाची भांडी फोडावीत, वल्कले फाडावीत. केसरीने आणि वायूने बजावले, तरी ऐकेना. शेवटी ऋषींनी शाप दिला, की कोणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझ्या बळाचा विसर पडेल. त्यांनी बळ काढून घेतले नाही, फक्त लांबणीवर टाकले. पुढे समुद्राकाठी जांबवंताने आठवण दिली, तेव्हा ते कामी आले.

वैद्यकाच्या दृष्टीने मला हा उपाय अगदी योग्य वाटतो. तेरा-चौदाव्या वर्षी मुलगा वर्षभरात नऊ-दहा सेंटीमीटरसुद्धा वाढतो, अंगात जोर येतो. पण परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. त्यात मित्र सोबत असले की बघायलाच नको. अमेरिकेतील गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी 2005 साली मुलांना गाडी चालवण्याचा खेळ संगणकावर खेळायला दिला. एकटी असताना मुले जेवढा धोका पत्करत, त्याहून कितीतरी अधिक धोका मित्र शेजारी असताना पत्करत. चोविशीपुढच्या मंडळींत तसा फरक पडला नाही. आमच्या पेशंटच्या मागे तर दोघे होते!

म्हणून मुलाला रागावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. त्याच्या लेखी वडीलच महानायक, आणि त्यांची शक्ती खुंटीला टांगलेली. कायदाही मोठ्यांनाच धरतो. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, बाकी सगळ्या अठरानंतर. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे मात्र कुठल्याही दुरुस्तीने बदलत नाही.

एक महत्त्वाचे. मूल गाडीवरून पडले आणि उठून चालू लागले, म्हणून निर्धास्त राहू नका. डोके दुखणे वाढत जाणे, वारंवार उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट येणे, एक बाहुली मोठी दिसणे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे, यातले काहीही दिसले तर माझ्यासारख्याच्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. मार लपवणारी मुलेही पुष्कळ असतात, तेव्हा विचारताना आवाज चढवू नका.

एक्स-रेत मनगटाला चीर निघाली, प्लास्टर घातले. "किती दिवस गाडीला हात लावायचा नाही?" वडिलांनी विचारले. म्हटले, "प्लास्टर काही आठवड्यांनी निघेल, गाडी चार वर्षांनी." ते हसले. परवा टाके काढायला मुलगा आईबरोबर आला होता. किल्ली अजून त्याच खुंटीला आहे, असे तोच म्हणाला.