निशाणी वाचायची कशी?

अंबड तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्या आणि त्यांचे पती दरवर्षी कपाशीचा सीड प्लॉट घेतात. मुलगा कृषी महाविद्यालयात शिकतो, सुट्टीत आला की प्लॉटवर राबतो. पण हल्ली वडिलांबरोबर जुमाच्या नमाजला जायचे तो टाळू लागला आहे. आईने कारण विचारले तेव्हा म्हणाला, "अम्मी, सृष्टीकडे पाहा म्हणजे निर्माता कळेल, असे तुम्ही सांगता. पण हे बी तर आपण तयार करतो. नर वाण कोणता, मादी वाण कोणता, सगळे ठाऊक आहे. यात अल्लाह कुठे आहे? आणि पाऊस ही त्याची कृपा, तर आपली मोसंबीची बाग वाळली ती काय होती?"

मुलाला काय सांगू, असे या भगिनी विचारतात.

सर्वप्रथम, त्याला रागावू नका. हजरत इब्राहीम (अ.) यांनीही, मेलेल्यांना पुन्हा जिवंत कसे केले जाते हे दाखव, अशी विनंती अल्लाहजवळ केली होती. मनाचे समाधान व्हावे एवढ्यासाठीच त्यांनी ते मागितले, आणि कुरआनने ते आदराने नोंदवले आहे. प्रश्न विचारणारा मुलगा दाराबाहेर गेलेला नसतो.

आता प्लॉटकडे वळू. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी. आज जिल्ह्याची ओळख बियाण्यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या ओळखीमागे हजारो हातांचे कष्ट आहेत. सायंकाळी उद्या उमलणारी कळी हेरायची, तिचे पुंकेसर नखाने अलगद काढायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे पराग त्यावर टेकवायचे. सकाळचे ते थोडे तास गेले की संधी गेली. दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी पडते.

या सगळ्यात आपण काय केले? पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेले. पराग रुजणे, त्याची नळी बीजांडापर्यंत पोहोचणे, दोन वाणांचे गुण एका बीत उतरणे, हे आपण घडवले नाही. ते ज्या नियमाने घडते तो नियम आपण ओळखला आणि त्याच्या आधाराने काम केले. नियम ओळखणे हा गुन्हा नाही, उलट तेच अपेक्षित आहे. मदीनेतील लोक खजुराच्या झाडांना हाताने पराग लावत. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी त्याची गरज नसावी, असे मत व्यक्त केले. लोकांनी ते थांबवले आणि पीक घटले. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले, की अशा व्यवहारातले तुम्हीच अधिक जाणता. शेतीचे ज्ञान आणि श्रद्धा यांचे भांडण तेथे झाले नाही, मग आपल्या बांधावर का व्हावे?

तरीही मुलाचा प्रश्न शिल्लक राहतो. नियम आहे, हे मान्य. पण नियमामागे कोणी आहे हे कशावरून? कोर्डोव्याचे इब्ने रुश्द (११२६ ते ११९८) यांनी दोन वाटा दाखवल्या होत्या : जगातील गोष्टी माणसाच्या जगण्याला अनुकूल असणे आणि निर्जीवातून जीव प्रकट होणे. यावर आजचा विद्यार्थी म्हणेल, की डार्विनने १८५९ मध्ये या अनुकूलतेचे नैसर्गिक स्पष्टीकरण दिले आहे. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. विज्ञानाला जे अजून कळले नाही तेथेच अल्लाहला बसवले, तर प्रत्येक नव्या शोधासरशी त्याला तेथून उठवावे लागेल. ही श्रद्धा नव्हे, आपला आळस आहे.

कुरआन पाऊस, मधमाशी, रात्र आणि दिवस यांना 'आयत' म्हणतो. आयत म्हणजे निशाणी, आणि कुरआनच्या वचनालाही तोच शब्द आहे. शाई कशाची, कागद कोणत्या गिरणीचा, हे सांगणारा खोटे बोलत नाही. पण पत्रात काय लिहिले आहे ते त्याने अजून वाचलेले नसते. निशाणी कोणावर सक्ती करत नाही. ती विचार करायला बोलावते.

राहिली मोसंबीची बाग. सन २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात कितीतरी बागा वाळल्या, वर्षानुवर्षे जपलेली झाडे सरपणाला गेली. त्या वेळी हा मुलगा लहान होता, त्याने ते पाहिले आहे. 'आपलेच काही चुकले असेल' असे कोणी घरात बोलले असेल, तर ते त्याच्या मनात सलत असणार.

त्याला हा प्रसंग सांगा. प्रेषितांचे (स.) तान्हे पुत्र इब्राहीम वारले त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, की सूर्यही शोकाने झाकोळला. पुत्रवियोगाच्या त्या दुःखातही प्रेषितांनी (स.) लोकांचा समज दुरुस्त केला : सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्या-जगण्यासाठी त्यांना ग्रहण लागत नाही. म्हणजे निशाणी वेगळी, शकुन वेगळा. वाळलेली बाग हा त्या बागाईतदारावरचा निकाल नव्हे.

दुष्काळाची दुसरी बाजूही त्याने पाहावी. जालना तालुक्यातील कडवंची गावाने त्या आधीच पाणलोटाची कामे केली होती, बांध घातले, शेततळी केली. त्या दुष्काळात तेथील द्राक्षबागा तगल्या. पृथ्वीवर तोल ठेवला आहे, तो बिघडवू नका, असे कुरआन बजावतो. तो तोल राखण्याचे काम आपल्याकडे आहे.

एवढे सांगूनही दुःखाचा सगळा हिशेब आम्हाला मांडता येत नाही. एका गरिबाची बाग का जावी, याचे उत्तर आमच्या लेखणीत नाही. तसा आव आईनेही आणू नये. मुलाला ते लगेच कळेल.

भगिनी, उद्या सायंकाळी त्याच्याबरोबर प्लॉटवर जा. एक कळी त्याला सोलू द्या, एक तुम्ही सोला. कसे घडते ते त्याला समजावून सांगू द्या, लक्ष देऊन ऐका. मग तुम्हाला त्या फुलात काय दिसते ते सांगा. मगरिबची अजान झाली की वुजूसाठी पाणी घ्या आणि त्याचा तांब्याही भरून ठेवा. हाक मारू नका. अल्लाह तुमच्या घरात हा संवाद चालू ठेवो. आमीन.