‘ऋतुचक्र’ : निरीक्षण हीच साधना

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथाचा निर्देश बहुधा ‘काव्यात्म गद्य’ असा केला जातो. हे वर्णन असत्य नसले तरी अपुरे आहे. त्यामुळे या ग्रंथातील आध्यात्मिक आशय दृष्टीआड होतो.

प्रथम रचनेचा विचार करावा. शीर्षकात ऋतू आहेत. लेख मात्र बारा महिन्यांचे आहेत. कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ सहा ऋतूंचे असून ते ग्रीष्मापासून वसंतापर्यंत जाते. भागवतांनी व्रते, सण आणि शेतीची कामे ज्यावर चालतात तो लोकांचा महिना स्वीकारला. लोकसाहित्याच्या अभ्यासिकेची ही निवड अर्थपूर्ण आहे. फाल्गुनानंतर पुन्हा चैत्रच येतो. या रचनेला अंतिम मुक्काम नाही.

शैलीचेही तेच. ‘वसंतहृदय चैत्र’मध्ये मधुमालतीच्या बरोबरीने घाणेरीलाही स्थान आहे. कुंपणापुरत्या लावल्या जाणाऱ्या, नावापासूनच उपेक्षित अशा या झुडपाचे रंग लेखिका बारकाईने न्याहाळते. ही केवळ सौंदर्यदृष्टी होय, असा आक्षेप संभवतो. परंतु रूढ सौंदर्यदृष्टी निवड करते, घाणेरीला वगळते. जे समोर आहे त्या सर्वांकडे सारख्याच आस्थेने पाहणे याला संतपरंपरेत समदृष्टी म्हणतात. ईश्वराचा दाखला न देता ती येथे वाक्यरचनेतूनच सिद्ध होते. पुढे ‘पैस’मध्ये (१९७०, साहित्य अकादमी पुरस्कार, १९७१) विषय उघडपणे आध्यात्मिक झाला. तेथेही नेवाशाच्या खांबाकडे जाण्याची वाट प्रत्यक्ष अनुभवाचीच आहे.

अध्यापनात मात्र उपमा-उत्प्रेक्षा मोजण्यावरच भर राहतो. कोल्हापूरलगतच्या उचगावसारख्या गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याने करंज वा घाणेरी पाहिलेली असू शकते. पण त्याचे ते ज्ञान प्रश्नपत्रिकेत कोठेच उपयोगी पडत नाही. उलट, ज्याने ही झाडे पाहिलेली नाहीत त्याच्यासाठी ग्रंथ हा निव्वळ शब्दसंग्रह ठरतो. दोघांच्याही हाती अलंकारांची यादी तेवढी उरते.

यावर उपाय अवघड नाही. लेख शिकविण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी एखाद्या बांधाची किंवा कुंपणाची महिनाभर नोंद ठेवावी व मग ती भागवतांच्या गद्याशेजारी ठेवून वाचावी. विशेषणापूर्वी निरीक्षण किती झालेले असते, हे तेव्हा उमगेल. ‘ऋतुचक्रा’तील अध्यात्म याच परिश्रमात आहे; ते वगळून केलेले शैलीविवेचन ग्रंथाच्या उंबरठ्याबाहेरच राहते.