अनुवादापलीकडचे

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतील 'डार्मॉक' (१९९१) हा भाग मला विशेष प्रिय आहे. त्यातील टमारियन लोक आपल्या पुराकथांच्या दाखल्यांनीच बोलतात. यंत्र शब्दांचा अनुवाद करते, अर्थ मात्र निसटतो. भगीरथाची कथा ठाऊक नसलेल्याला 'भगीरथ प्रयत्न' असाच अडवेल. मग या लोकांनी मूळ कथा कोणत्या भाषेत सांगितल्या? हा आक्षेप रास्तच आहे. तरीही संवादासाठी प्राण पणाला लावणाऱ्या, मरणासन्न डेथॉनला पिकार्ड गिल्गमेशची कथा ऐकवतो, तेव्हा तो गौण ठरतो. परक्याला समजून घेणे म्हणजे त्याच्या कथा ऐकणे आणि आपल्या सांगणे. साहित्य कशासाठी शिकवायचे, याचे याहून नेमके उत्तर मला सापडलेले नाही.