अभ्यास कर, नाहीतर पंक्चर काढत बसशील!

आमच्या बीड जिल्ह्यात गणितात कमी मार्क पडलेल्या प्रत्येक पोराने हे वाक्य ऐकलेलं असतं. मी पण ऐकलंय. (पुढे इंजिनिअर झालो, म्हणजे धमकी लागू पडली म्हणायची!) पण मंडळी, पंक्चर काढणं म्हणजे बिनडोक काम, असं त्यात जे गृहीत धरलंय ना, ते मला पटत नाही.

नगरहून जामखेडमार्गे बीडला येताना सौताडा, पाटोदा, मांजरसुंबा असा रस्ता लागतो. या भागात वेड्या बाभळी भरपूर. तिचा वाळलेला काटा टायरमधून थेट ट्यूबमध्ये घुसतो. शहरातल्या मित्रांना वाटतं, आता सगळं ट्यूबलेस झालंय. नाही हो! साध्या स्पोकच्या चाकात प्रत्येक स्पोकसाठी रिमला भोक असतं, तिथून हवा निसटणार. म्हणून त्याला ट्यूबच लागते, आणि गावाकडच्या कितीतरी गाड्या अजून स्पोकच्याच आहेत.

चाक खोलून, ट्यूबमध्ये हवा भरून, पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. खरं काम पुढे आहे. भोक टायरच्या बाजूला असेल तर बहुतेक काटा नाहीतर खिळा. रिमच्या बाजूला असेल तर रिमपट्टी सरकून स्पोकचं टोक टोचलंय. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती, गाडी खड्ड्यात आपटली आणि ट्यूब चिमटली. मग तो व्हॉल्व्हच्या खुणेने ट्यूब टायरवर जुळवतो आणि आतून नेमक्या त्याच जागी हात फिरवून काटा शोधतो. काटा आत राहिला, तर पॅच कितीही छान बसू दे, थोडं पुढे जाऊन गाडी पुन्हा बसणार. आपण पंक्चर 'काढलं' म्हणतो ते उगीच नाही.

पुढे ट्यूब घासायची, सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. ते सुकायच्या आत पॅच दाबला तर धड चिकटत नाही. गिऱ्हाईक घाई करत असतं, हा मात्र शांत.

आमच्या आयटीत याला रूट कॉज ॲनालिसिस म्हणतात आणि त्यावर मीटिंगा होतात. तरी बग कुठून आला हे न बघता पॅच मारून मोकळं व्हायची घाई सगळीकडे दिसते. शब्दही तोच, पॅच!

कोणी म्हणेल, एवढं कौतुक आहे तर तू का नाही टाकलंस दुकान? रास्त प्रश्न. उत्तर सरळ आहे: पैसे. दिवसभर उन्हात, रस्त्याच्या कडेला, गिऱ्हाईक येईल तेवढीच कमाई. आईवडिलांची भीती या कमाईची असते आणि ती खोटी नाही. पण कमाई कमी म्हणजे डोकं कमी, हे गणित कुठून आलं? हल्ली तर सोशल मीडियावर मुसलमानांना हिणवायला 'पंक्चरवाला' हा शब्द सर्रास वापरतात. शिकलेली माणसं वापरतात, याचं जास्त वाईट वाटतं. कष्टाच्या कामाची शिवी करणाऱ्यांची डिग्री काय कामाची?

असो. एवढंच करा: पुढच्या पंक्चरला मोबाईलमध्ये डोकं न घालता शेजारी उभं राहून बघा. भोक कुठल्या बाजूला आहे ते विचारा. आणि दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका, प्लीज.